सडक अर्जुनी ओपन, १९५४

सडक अर्जुनीत गोल्फ समजणारा एकच माणूस होता, आणि त्यालाही तो पुरता समजत होता असं काही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

हिरालाल पटले हा धानाचा व्यापारी. नागपूर-रायपूर सडकेला लागून दुकान, दुकानामागे घर, घरात निर्मलाबाई. वय चाळिशीला टेकलेलं. तरुणपणी बापाने त्याला शिकायला नागपूरला पाठवलं, तेव्हा त्याची खोली साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानाजवळ होती. मैदानाला तारेचं कुंपण होतं. हिरालाल रोज संध्याकाळी त्या तारेत बोटं अडकवून उभा राही आणि गोरे लोक हिरवळीवरून एवढासा पांढरा चेंडू कसा हाकत नेतात ते पाही. त्याच्या निम्मा वेळ त्याने तर्कशास्त्राला दिला असता तर इंटर पास झाला असता. झाला नाही. परत येऊन गादीवर बसला.

मित्रांनी विचारलं, "तू बी खेळला असशीन ना गा?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं. लहानसंच होतं, सांगायला काही कष्ट नव्हते. पण त्या दिवशी हिरालालच्या अंगात नवा कोट होता. "हो, कधीमधी," तो म्हणाला. "डिकसन साहेब बोलवायचे." डिकसन साहेब नावाचा मनुष्य त्या क्षणी जन्माला आला आणि पुढे वीस वर्षं सडक अर्जुनीत सुखाने नांदला. त्याला मिशा होत्या, तो हिरालालला 'पाटल' म्हणायचा, आणि हिरालालचा टोला पाहून एकदा त्याच्या तोंडातला पाइप पडला होता.

पुढे सत्तेचाळीस साली गोंदियाचा एक रेल्वेचा साहेब विलायतेला परत गेला. जाताना त्याने बंगल्यातल्या सामानाचा लिलाव केला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले, एकाने आंघोळीचा टब घेऊन त्यात म्हशीला आंबोण द्यायला सुरुवात केली. हिरालालने गोल्फची पिशवी घेतली. देशाला स्वराज्य मिळालं त्याच सुमारास हिरालालला सात काठ्या, आठ चेंडू आणि नियमांचं एक बारीक इंग्रजी पुस्तक मिळालं. निर्मलाबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "येच्यानं काय करतेत? साप मारतेत?"

पण काठ्यांपेक्षा हिरालालचा जीव बातम्यांत होता. नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र मोटारीने यायचं, शिळं होऊन यायचं, पण यायचं. दर जुलैत विलायतेत 'ओपन' नावाची मोठी स्पर्धा होई. तिच्या चार ओळी आतल्या पानावर कुठेतरी तळाला असत. त्या चार ओळींवर हिरालाल छोटेलालच्या हॉटेलात दोन-दोन तास बोलत असे.

ऐकायला ठरलेले तिघे. छोटेलाल स्वतः, कारण हॉटेल त्याचं आणि तो उठून जाणार कुठे. मूळचा गोंदियाचा, बोलणं हिंदीत. दुसरा उदाराम, सव्वाशे बांध्यांचा, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांचा, मालक आणि शंकरपटात पळणाऱ्या शर्यतीच्या बैलांचा शौकीन. तिसरा बकाराम मापारी. खळ्यावर नाहीतर व्यापाऱ्याकडे धानाची रास पडली की पायलीने मोजून द्यायची, हा त्याचा धंदा. हिरालालसोबत चौथीपर्यंत शिकलेला, म्हणून गरीब असूनही अरेतुरेचा मित्र.

त्रेपन्नच्या जुलैत धानाच्या रोवणीचे दिवस होते. उदाराम गुडघाभर चिखलाचे पाय घेऊन बाकावर बसला होता आणि हिरालाल पेपर वाचून सांगत होता. हॉगन नावाचा अमेरिकन. चार वर्षांपूर्वी त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. हाडं मोडली. डॉक्टर म्हणाले, चालता येईल की नाही सांगवत नाही. आणि आता हा गडी समुद्र ओलांडून स्कॉटलंडला जातो आणि पहिल्याच खेपेला ओपन जिंकतो. पहिल्या फेरीत त्र्याहत्तर टोले, मग एकाहत्तर, मग सत्तर, मग अडुसष्ट.

"बसवाल्याचं काय झालं?" उदारामने विचारलं.

"ते पेपरात नाही."

"गाडी कौनसी थी?" छोटेलाल म्हणाला.

"अरे, गाडीचं काय घेऊन बसलात! दर फेरीला टोले कमी होत गेले, हे पाहा ना!"

"कमी झाले तं हरला नाही काय?"

हिरालालने सात वर्षांत हे साठ वेळा सांगितलं होतं. एकसष्टाव्यांदा सांगितलं की गोल्फमध्ये ज्याचे टोले कमी तो जिंकतो. उदारामला ते दर वेळी पटायचं, शंकरपटात ज्या जोडीला सेकंद कमी लागतात ती जिंकते तसं, आणि पुढच्या वेळी तो दर वेळी विसरायचा.

बकाराम म्हणाला, "हे टोले मोजते कोन?"

"ज्याचे त्याने मोजायचे."

"आन् पंच?"

"गोल्फला पंच नसतो, बकाराम," हिरालाल म्हणाला. त्याचा आवाज अशा वेळी आपोआप नागपूरला शिकलेल्या माणसाचा व्हायचा. "सारा खेळ माणसाच्या इमानावर. एकदा एका मोठ्या खेळाडूचा चेंडू गवतात जरासा हलला. कोणी पाहिलं नाही. त्याने स्वतः जाऊन सांगितलं, माझा एक टोला वाढवा. त्या एका टोल्यापायी स्पर्धा हातची गेली. तरी सांगितलं. आपलं चुकलं ते आपणच सांगायचं, हा गोल्फ."

खरं म्हणजे मोठ्या स्पर्धेत एकाचे टोले दुसरा खेळाडू लिहितो आणि तपासायला माणसं असतात. हे हिरालालला तारेच्या बाहेरून दिसलं नव्हतं. बकारामने मात्र ते ऐकून हातातली बशी खाली ठेवली. "चांगला खेळ हाये," तो म्हणाला.

तिथून खूळ निघालं. उदाराम म्हणाला, आपण शंकरपट भरवतो, दंडारीची नाटकं करतो, मग हे ओपन का भरवू नये? हिरालाल 'अरे, ते कुठे, आपण कुठे' म्हणत राहिला, आणि जेवढं तो म्हणत राहिला तेवढा उदाराम पेटत गेला.

धान कापून झाल्यावर, जानेवारीच्या पहिल्या रविवारी, उदारामच्या वावरात मैदान आखलं. नऊ बांध्या, दर बांधीत गोट्यांना खणतात तशी एक गल, गलीत बांबूची काठी, काठीला जुन्या लुगड्याची चिंधी. धसकटं खरडून काढली. तीन बांध्यांत लाखोरीच्या डाळीचं पीक उभं होतं. उदाराम म्हणाला, चेंडू लाखोरीत गेला तर हळू पाय टाकून शोधायचा, आणि माह्या बायकोनं पाह्यलं तं खेळ तिथंच संपला. आठातले चारच चेंडू आता उरले होते, म्हणून दर माणशी एक. ज्याचा हरवला तो बाद. छोटेलालने विजेत्यासाठी पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या, ठेवला. दर गलीवर पोचल्यावर आपला आकडा मोठ्याने सांगायचा असं ठरलं. मोजणार ज्याचा तो.

सकाळी पन्नासेक माणसं धुऱ्यांवर, बांध्यांमधल्या बांधांवर, बसली होती. हिरालाल कोट घालून आला. मागे कोणीतरी म्हणालं, "हा डिकसन साहेबाचा चेला." हिरालालने ते ऐकलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला डिकसन साहेबाचा धाक वाटला. कारण तारेच्या बाहेर उभं राहून डोळ्यांनी शिकलेला खेळ हातांना माहीत नसतो. पिशवी आल्यापासून तो दुकानामागच्या वाडीत फटके मारत असे, पण वाडीत गल नव्हती आणि पन्नास माणसंही नव्हती.

पहिल्या तीन बांध्यांतच दोघांचा निकाल लागला. छोटेलालने असा टोला हाणला की चेंडू धुरा ओलांडून बोडीत गेला आणि पाण्यावर तीन वेळा उडून बुडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण बाद झालो हे त्याला पटवायला वेळ लागला, कारण सगळ्यांत लांब चेंडू त्याचाच गेला होता. उदारामचा चेंडू लाखोरीत शिरला. तो हळू पाय टाकत शोधत असतानाच त्याची बायको शामकला धुऱ्यावर येऊन उभी राहिली. तिने कंबरेवर हात ठेवले. उदाराम म्हणाला, "चेंडू सापडत नाही गा," आणि बाहेर आला.

उरले हिरालाल आणि बकाराम.

बकारामने तोपर्यंत गोल्फची काठी हातात धरली नव्हती. त्याने एकच काठी निवडली आणि अखेरपर्यंत तीच वापरली. मोठा टोला मारायच्या भानगडीत तो पडलाच नाही. रास मोजताना पायली जशी एका लयीत भरावी आणि ओतावी, तसा चेंडूला थोडा थोडा पुढे ढकलत होता, आणि तोंडाने मोजत होता, "लाभ, दोन, तीन..." मापाला सुरुवात करताना मापारी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लोकही त्याच्याबरोबर लाभ म्हणू लागले. हिरालालचे टोले मात्र देखणे होते. काही चेंडूला लागत, काही लागत नसत. जे लागत नसत तेही तो इमानाने मोजत होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आठव्या गलीपर्यंत तो इमानाने खेळला.

आठव्या गलीवर हिरालालचे छप्पन्न, बकारामचे सत्तावन्न.

नवव्या बांधीत हिरालालचा तिसरा टोला तिरपा गेला. चेंडू धुऱ्याच्या बुडाशी जाऊन दिसेनासा झाला. तो तिथे पोचला तर चेंडू खेकड्याच्या बिळात. निम्मा आत, निम्मा बाहेर. काठीने काढायला गेलं तर दोन टोले जातील, तीनही जातील. लोक बांधीच्या पार टोकाला गलीभोवती जमले होते, आणि सूर्य त्यांच्या डोळ्यांवर होता. बकाराम पुढे होता, पाठ करून, स्वतःच्या चेंडूवर पार ओणवा झालेला.

हिरालालच्या डोक्यात त्या वेळी काही मोठे विचार आले नाहीत. एवढंच आलं की मापारी जिंकला तर लोक विचारतील, डिकसन साहेबाने तुला काय शिकवलं? त्याने इकडे तिकडे पाहिलं, बुटाचं टोक बिळात घातलं आणि चेंडू हातभर बाहेर, साफ जमिनीवर ओढला. मग काठी उगारली. आयुष्यात कधी बसला नाही असा टोला बसला. चेंडू उंच गेला आणि गलीजवळ पडला, आणि लोकांनी जो गलका केला तो सडकेवरच्या ट्रकवाल्यांनीही ऐकला असेल.

"त्रेसष्ट!" हिरालाल गलीवर म्हणाला.

बकारामने आपला चेंडू गलीत घातला, थोडा थांबला आणि म्हणाला, "चौसष्ट."

लोकांनी हिरालालला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून त्याला बकाराम दिसत होता. तो चिंध्यांच्या काठ्या उपटून एकत्र बांधत होता, उदारामला परत द्यायला.

बुधवारच्या बाजारात कासाराने गडव्यावर हिरालालचं नाव ठोकून दिलं. निर्मलाबाईंनी गडवा घासून लख्ख केला.

"देवाजवळ ठेवू?"

"नको."

"मंग पानी पेवाले घेऊ?"

"नको, नको."

"मंग आनला कायले?" आणि त्यांनी तो दुकानात, गादीच्या मागच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. तिथून तो हिरालालच्या मानेकडे पाहत असे. गिऱ्हाईक आलं की आधी गडव्याची चौकशी, मग धानाची. हिरालाल सांगे, "काही नाही, असंच," आणि लोक एकमेकांना खुणावत की मोठा माणूस आहे पण बढाई नाही.

त्याने नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. आशा अशी की बिळातल्या चेंडूबद्दल कुठेतरी सवलत असेल. चेंडूची जागा सुधारली तर दंडाचे टोले दोन, असं होतं. म्हणजे पासष्ट. पुढे आणखी एक कलम होतं. ज्याने खऱ्यापेक्षा जास्त आकडा सांगितला, त्याचा तो जास्तच धरावा. ज्याने कमी सांगितला, तो स्पर्धेतून बाद. हिरालालने पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. कलम तिथेच होतं.

सर्वांत वाईट म्हणजे बकाराम. तो पहिल्यासारखाच दुकानात येई, पायली भरी, लाभ म्हणे, रास संपवी आणि जाताना दारात जरा थांबे, काही विसरलं असावं तसा. "बरं भाऊ, येतो." आणि जाई. हिरालालला तो यायच्या वेळी मागच्या खोलीत काम निघू लागलं. संक्रांतीला बकाराम तीळगूळ घेऊन आला तेव्हा हिरालाल संडासात जाऊन बसला आणि तो जाईपर्यंत बाहेर आला नाही. निर्मलाबाई म्हणाल्या, "पोट बिघडलं काय? की त्यायचं देनं लागता?"

अखेर एका गुरुवारी त्याने ठरवलं. सांगून टाकायचं. चारचौघांत. लोक हसतील, थुंकतील, डिकसन साहेब मरेल. मरू दे.

छोटेलालच्या हॉटेलात तेव्हा आठ-दहा माणसं होती. उदाराम होता. बकाराम कोपऱ्यात, पायली बाजूला ठेवून चहा पीत होता. हिरालाल बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मले एक सांगाचं हाये. मी जिंकलो नाही."

"म्हंजे?" उदाराम म्हणाला.

"नवव्या बांधीत माहा चेंडू खेकड्याच्या बिळात गेला होता. मी पायानं काढलो. चोरी केलो. दोन टोले दंड. पासष्ट होतेत माहे. बकाराम जिंकला."

भट्टीवर दूध उतू गेलं तरी छोटेलाल हलला नाही. हिरालालला वाटलं, आता येईल. जे काय यायचं ते आता येईल. खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंही वाटलं.

उदाराम उठला. त्याने टेबलावर हात आपटला.

"पाह्यले काय रे!" तो लोकांकडे वळून म्हणाला. "याले म्हनते गोल्फ!"

"काय?" हिरालाल म्हणाला.

"गरीब मानूस एका टोल्यानं हरला, त्याचं मन मोडलं, हे याले पाह्यवलं नाही. म्हनून सोताच्या आंगावर चोरी घेऊन राहिला! सोताले चोर म्हनवून राहिला!"

"नाही गा उदाराम, खरंच मी..."

"तू चूप राह्य. आमी काय भुसा खाऊन नाही राहिलो, भात खातो. समजते आमाले."

"अरे भाई," छोटेलाल गहिवरून म्हणाला, "ऐसा आदमी तो नागपुर में भी नहीं मिलेगा."

"पुस्तकात कलम आहे!" हिरालाल ओरडला. "ज्यानं कमी सांगितले तो बाद! मी बाद आहो!"

"तुले बाद करनार कोन?" उदाराम म्हणाला. "गोल्फले पंच नाही, तूच सांगतला."

आता हिरालालजवळ शेवटचं हत्यार उरलं होतं, आणि ते त्याने वीस वर्षं जपून ठेवलं होतं. "मी नागपूरले कधी खेळलोच नाही," तो म्हणाला. "तारेच्या बाहेर उभा राहून पाहत होतो. बस."

"आन् डिकसन साहेब?"

"डिकसन साहेब नव्हताच. मी बनवलो."

उदारामने हात जोडले. "आयकून घ्या! आता तं साहेबाले बी नाही म्हनून राहिला. झुकावं तं किती झुकावं मानसानं?" आणि कोणीतरी मागून टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. छोटेलालने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले आणि त्याच फडक्याने सांडलेलं दूध पुसलं.

बकारामने टाळी वाजवली नाही. त्याने बशीतला उरलेला चहा संपवला, पायली काखेत मारली आणि बाहेर पडला.

हिरालाल त्याच्या मागे धावला. सडकेच्या कडेला, उभ्या ट्रकच्या सावलीत त्याने त्याला गाठलं. "बकाराम, तू तरी भरोसा ठेव गा. पासष्ट होते."

"भरोसा कायले ठेवाव लागते?" बकाराम म्हणाला. "पासष्टच होते. मी पाह्यलो होतो."

"कसा पाह्यला?" हिरालाल म्हणाला.

"मी ओणवा होतो ना, चेंडूवर," बकाराम म्हणाला. "टांगेमधून तू दिसला. उलटा दिसला, पन दिसला."

"मंग बोलला काऊन नाही?"

"मी कसा बोलू? ज्याचं चुकलं त्यानंच सांगाचं, तूच म्हनला होता." बकारामने पायली या काखेतून त्या काखेत घेतली. "म्हनून वाट पाहून राहिलो होतो. दुकानात येत होतो तं थांबत होतो दारात जराक. संक्रातीले बी आलो. तू घरी नव्हता म्हनते."

"अठरा दिवस वाट पाह्यली?"

"अठरा झाले काय? मी नाही मोजलो."

समोरून एक बैलबंडी गेली, धानाची पोती लादलेली. बंडीवाल्याने हिरालालला राम राम केला आणि कौतुकाने मान हलवली. हॉटेलातली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती की ही जुनीच ओळख होती, कळायला मार्ग नव्हता. हिरालालला काहीतरी म्हणायचं होतं, क्षमा मागण्यासारखं, पण त्याच्या तोंडून हिशेबच निघाला. "तू एका टोल्यानं जिंकला होता," तो म्हणाला. "फक्त एका टोल्यासाठी मी..."

"एका नाही गा." बकाराम जरा संकोचला. "मी शीग लावून सांगत होतो."

"शीग?"

"आता पाह्य. दुसऱ्याचं माप घेतानी आपन सपाट घेतो. पन आपलं माप दुसऱ्याले देतानी वर शीग लावूनच देतो, नाही तं मापाऱ्याले लोक काय म्हनतीन? दर गलीवर माहा आकडा मीच तुमाले देऊन राहिलो होतो. म्हनून एक टोला वरतं टाकत होतो. दर बांधीले एक."

हिरालालने मनात वजाबाकी केली. नऊ बांध्या, नऊ शिगा. चौसष्टातून नऊ गेले, पंचावन्न. पुन्हा केली. पंचावन्नच. आयुष्यात कधी काठी न धरलेल्या माणसाने त्याला दहा टोल्यांनी हरवलं होतं, आणि त्या माणसाला एका टोल्याने हरवण्यासाठी त्याने खेकड्याच्या बिळात बूट घातला होता.

"तसं नसतं गा गोल्फमध्ये," तो म्हणाला. "जेवढे असतील तेवढेच सांगायचे असतात."

"असन," बकाराम म्हणाला. "मले नवीन हाये ना."

हिरालालने त्याचा दंड धरला. "आत चाल. तू पाह्यला म्हनून सांग त्यायले. माह्यं कोनी आयकत नाही, तुह्यं आयकतीन. गडवा तुह्या घरी आनून देतो, नाव खोडून देतो, पन तू सांग."

बकारामने विचार केला. एखाद्या राशीत किती पायल्या भरतील, असा अंदाज कोणी विचारला की करायचा तसा, डोळे बारीक करून.

"गडवा ठेव तू. दोन हायेत माह्या घरी," तो म्हणाला. "आन् सांगाचं तं तुहं काम हाये. तू सांगतला. मी आयकलो. आता त्यायनं आयकलं नाही तं मी काय करू?" त्याने हळूच दंड सोडवून घेतला. "उदारामच्या खळ्यावर रास पडली हाये. जातो मी. उद्या दुकानात येतो." दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "राहशीन ना घरी?"

"राहीन," हिरालाल म्हणाला.

तो तिथेच उभा राहिला असता, पण त्याची टोपी हॉटेलात राहिली होती. टोपीशिवाय सडकेने घरी कसं जायचं? म्हणून तो परत गेला.

आत उदारामने एका रायपूरच्या ट्रकवाल्याला गाठलं होतं. गोष्टीत आता विलायतेहून आलेली तार होती, आणि डिकसन साहेब रडला होता. "यही है वो!" छोटेलाल दाराकडे बोट करून ओरडला. ट्रकवाला दाढीवाला, हिरालालच्या दुप्पट आकाराचा. तो ताडकन उठला, त्याने दोन्ही हातांनी हिरालालचा हात धरला आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं. स्वतःच्या पैशाने चहा मागवला. मलई मारके, म्हणाला.

"ऐसा नहीं है," हिरालाल म्हणाला. "मैंने सचमुच चोरी..."

"हम समझते हैं, बाबूजी," ट्रकवाला म्हणाला. "पीजिए."

चहा आला. हिरालालने तो बशीत ओतला. बशी ओठांपर्यंत नेली, आणि सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्याला कळलं, म्हणून त्याने नजर बशीतच ठेवली. मलई एका कडेला गोळा झाली होती. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"देख रहे हो?" छोटेलाल हलक्या आवाजात ट्रकवाल्याला म्हणाला. "आँख तक ऊपर नहीं उठाते."